पायमोजे आणि हातमोजे

माझं सगळं काम माणसांच्या पायाशी बसून करायचं होतं. समोरचा माणूस खुर्चीवर, मी बुटक्या स्टुलावर, त्याचा पाय माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर आणि माझ्या हातात मापाची टेप. काय करता म्हणून कुणी विचारलं तर मी ‘दवाखान्यात असतो’ एवढंच सांगत असे. पायमोजे देतो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे शाळेची पोरं उभी राहायची. माझे मोजे निराळे. ज्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, संध्याकाळी घोटे सुजतात, घोट्यावरची कातडी काळपट होऊन खाजते, त्यांच्यासाठी दाब देणारे घट्ट मोजे असतात. व्हाइटफील्डकडच्या शिरांच्या एका दवाखान्यात ते मोजून द्यायचे, घालून दाखवायचे आणि घालायला शिकवायचे, हे माझं काम.

इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी कामाविषयी काही लिहा, असं संपादकांनी सुचवलं. यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. माझी पत्नी शालन हिला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. फराळ नाही, आकाशकंदील नाही, त्यामुळे लिहायला वेळ मात्र आहे. रोज थोडं लिहितो, वाचतो, पुष्कळसं खोडतो.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. रक्त पायात उतरतं ते सहज, पण वर चढायला त्याला पोटरीची मदत लागते. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत बारीक झडपा असतात. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या या झडपा ढिल्या पडतात, आणि रक्त खाली तुंबून राहतं. पाय जड होतात, मग सुजतात, मग कातडीचा रंग बदलतो. शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूला एखादी साधी खरचटलेली जागासुद्धा भरून येईनाशी होते. मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट असतो आणि वर जाताना सैल होत जातो. कुणी घोट्यापासून गुडघ्याकडे पाय चेपत बसावं, तसं तो दिवसभर करत असतो. झडपा काही तो दुरुस्त करत नाही. मोजा काढला की उपकारही संपले.

माप सकाळीच घ्यावं लागतं, सूज चढायच्या आत. मोजा घालायचाही सकाळीच, शक्य तर पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी. पहिले काही दिवस लोक कुरकुरतात. खाज येते, उकडतं, गुडघ्याखाली वळ उठतो. वळ हलका असेल आणि थोड्या वेळाने जात असेल तर चालतं. बोटं निळी पडली, बधिर झाली, तर मोजा ताबडतोब काढायचा. मधुमेह असलेल्याच्या पायाची नाडी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी कधी टेप हातात घेतली नाही. ज्या पायात वरून येणारं रक्तच कमी आहे, त्याला हा दाब घातक असतो. मोज्याने कातडी कोरडी पडते, म्हणून रात्री मोजा काढल्यावर मलम चोळायचं. सकाळी नाही, कारण तेलामलमाने मोज्याचं रबर सैल होतं. आणि लांब झाला म्हणून मोजा वरून दुमडायचा तर कधीच नाही. दुमडला की त्या जागी दाब दुप्पट होतो आणि पायाला दोरी बांधल्यासारखं होतं.

हे शेवटचं वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! एक पुण्याचा मुलगा आला होता. दिवसभर खुर्चीत बसून काम, वर बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर कॅबमध्ये दोन्ही वेळचा बसून प्रवास. त्याने बुटाच्या नंबरावरून मोजे ऑनलाइन मागवले होते, आणि उरलेला भाग गुडघ्याखाली नीट दुमडून घेतला होता. पायाला लालभडक कडं उठलं होतं आणि त्यावर फोड. मी विचारलं, दुखत नव्हतं का? तो म्हणाला, “दुखत होतं, पण मला वाटलं दुखतंय म्हणजे काम करतंय.” जिममध्ये असंच सांगतात म्हणे. एका वाहतूक पोलिसाला खाकी रंगाचे मोजे हवे होते. माझ्याकडे होते ते काळे आणि ‘त्वचेच्या रंगाचे’. ही त्वचा कुणाची, हे मला कधीच कळलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या कुणाचीही ती नव्हती. पोलिसाने काळे घेतले. महिन्याभराने येऊन सांगितलं की संध्याकाळचे पाय आता सकाळच्या पायांसारखे वाटतात. या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मराठीत ‘मोजा’ हा शब्द पायात घालायचाही आहे आणि मोजायला सांगायचाही, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. दवाखान्यात हा विनोद सांगण्यासारखं कुणी नव्हतं. घरी येऊन शालनला सांगितला. ती पोळी लाटत म्हणाली, “तुमच्या कन्नड डॉक्टरांना सांगून बघा की. पगार वाढवतील.”

पायांना हात लावण्याचं आपल्याकडे फार अवघड असतं. माझे केस पांढरे झाल्यावर तर अधिकच. तरुण मुलं-मुली पाय मागे घ्यायची. ‘बेडा अंकल’, नको नको, म्हणायची; मोजा घालून झाला की घाईने माझ्या गुडघ्याला हात लावून तो छातीशी न्यायची. याच्या उलट म्हातारी माणसं. पायाशी कुणाचं डोकं वाकलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप वर यायचा. टाचेवरून मोजा ओढत असताना डोक्यावर हात पडायचा आणि कानावर यायचं, ‘चेन्नागिरप्पा’, चांगला राहा बाबा. नोकरीत मला बढती कधी मिळाली नाही. आशीर्वाद मात्र पुष्कळ मिळाले.

बायकांचं आणखी वेगळं. मोज्यांच्या धाग्यात जोडवी अडकतात, म्हणून उघड्या बोटांचे मोजे द्यायचे. म्हाताऱ्या बाईला वाकता येत नाही, हाताला जोर नाही. मोजा घालून देणार कोण? सोबत आलेला नवरा. मी त्याला पुढे बोलवायचो, आणि नेमकी तेव्हाच ती बाई पाय साडीत ओढून घ्यायची. नवऱ्याने पायाला हात लावायचा? पाप कुणाच्या माथी? मी समजावून सांगायचो की हा पाय नाही, हा औषध लावायचा भाग आहे. काही जणी ऐकायच्या. काही जणी मान हलवायच्या आणि पुढच्या खेपेला तो मोजा घडी न मोडता परत घेऊन यायच्या. मला त्यांचा फारसा राग येत नसे. माझ्या घरी तेच होतं.

शालन खानापूरकडची, मी निपाणीचा. बेळ्ळंदूरला आम्ही घर घेतलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. पुढे उंच इमारती आल्या आणि त्यांत पुण्या-मुंबईची पोरं राहायला आली. त्यांतल्या एका मुलीने एकदा आमच्या दारावरून जाताना पोळीचा वास घेऊन आत डोकावून विचारलं, काकू, मला दोन द्याल का? तिथून शालनचे डबे सुरू झाले. आम्हाला मूलबाळ नाही. पोळी-भाजीचे डबे नेणारी ती पोरं आठवडाभर काय खातात, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. ओट्यापाशी ती पहाटेपासून दुपारपर्यंत उभी. मदतीला जयम्मा होती, शेजारच्या गल्लीत राहणारी, कन्नडच्या मध्ये आमची मराठी मिसळून बोलणारी.

शालनच्या डाव्या घोट्यावरची कातडी काळपट झालेली मी पाहिली तेव्हा तिने पाय पदराखाली घेतला. घरात चुकून जरी तिचा पाय मला लागला तरी ती वाकून हात लावून डोळ्यांना लावायची, अशी ती. जखम झाल्यावर मात्र माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तपासलं, नाडी चांगली होती, शिरा बिघडलेल्या होत्या. नर्सने पट्ट्या बांधून बांधून जखम बुजवली. मग मोज्यांचं माप घ्यायची वेळ आली. शालन नर्सला म्हणाली, तुम्हीच घ्या. नर्सने कधी माप घेतलं नव्हतं. तेव्हा शेवटी असं झालं की आत नर्स टेप धरून, आणि मी पडद्याच्या बाहेर उभा राहून सांगतोय: घोट्याच्या हाडाच्या वर, जिथे सगळ्यांत बारीक आहे तिथे; आता पोटरी; आता टाचेपासून गुडघ्याच्या वळणापर्यंत. त्या दवाखान्यातला मी एकमेव माप घेणारा, आणि माझ्या बायकोचं माप मी कानांनी घेतलं.

मोजे आले, आणि कपाटात राहिले. लाटणं फिरवून फिरवून तिच्या मनगटात जोर उरला नव्हता; असला मोजा टाचेवरून चढवायला चांगल्या माणसाचीही बोटं दुखतात. जयम्मा यायची ती डबे भरायच्या वेळी. तोवर शालन कितीतरी वेळ उभी राहिलेली आणि पाय सुजलेला. पहाटे घरात हात होते ते फक्त माझे.

“तुम्ही बाहेर कुणाच्याबी पायाला हात लावा,” ती मला म्हणाली. “ते तुमचं काम. माझ्या पायाला लावलात तर ते काम नव्हे ओ.”

जखम पुन्हा उघडली. या वेळी पहिल्यापेक्षा मोठी, कडांना ओली. पट्ट्या पुन्हा बांधल्या, पुष्कळ दिवसांनी ती पुन्हा बुजली. डॉक्टर रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, मोजा घालणार नसाल तर उभं राहणं बंद करा; तिसऱ्यांदा उघडली तर हे लवकर आटपणार नाही. उभं राहणं बंद म्हणजे डबे बंद. घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो. आमचा थांबा जवळ आल्यावर ती म्हणाली, पोरं काय खातील?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून रबरी हातमोजे आणले. भांडी घासायला वापरतात तसले साधे, पिवळे. आमच्या कामात ते लागतात. रबराने कापड धरलं जातं, सरकवता येतं, आणि नखाने धागा तुटत नाही. म्हटलं, हे घालून तुझं तुला जमतं का बघ. दुपारी डबे गेल्यावर ती खाटेवर बसली, हातमोजे चढवले, पाय उचलला. मोजा टाचेपर्यंत आला आणि अडकला. ना पुढे ना मागे. तिचं कपाळ घामाने भिजलं. मी दारात उभा होतो. जयम्मा ओट्यावरचं पीठ पुसत बघत होती.

“अक्का,” जयम्मा म्हणाली, “आमच्यात लग्नात नवराच कालुंगुर घालतो. जोडवी ओ, जोडवी. पाय हातात धरून.”

मला धीर आला. मी म्हटलं, आमच्याही लग्नात सप्तपदीला मी हिच्या पायाचा अंगठा धरला होता.

“ते भटजींनी धरायला लावलं होतं,” शालन म्हणाली.

“मग आता डॉक्टर लावतायत,” जयम्मा म्हणाली. “सरी. झालं की.”

अडकलेला मोजा जयम्मानेच सोडवला. त्या दिवशी तो विषय पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवायला उठलो, तर शालन खाटेवर पाय लांब करून बसलेली. हातमोजे तिने उशाशी ठेवले होते, एकावर एक, नीट.

“हे तुम्ही घाला,” ती म्हणाली. “मग हात लागला असं होणार नाही. रबर लागलं.”

सोवळ्यात असताना दुधाची पिशवी चिमट्याने उचलणारी बाई ती. तिच्या हिशेबात हे चोख बसत होतं. मी हातमोजे चढवले, खाली स्टूल ओढलं आणि बसलो. इतक्या वर्षांत ज्या पायाला मी हात लावला नव्हता तो समोर होता. अंगठा बाहेरच्या बाजूला थोडा वळलेला, टाचेला भेगा, घोट्याच्या आत बुजलेल्या जखमेची पातळ, चकचकीत, गुलाबी कातडी. मी मोजा टाचेपर्यंत उलटा केला, बोटांवरून घातला, टाच नीट बसवली, मग तळव्यांनी थोडा थोडा वर सरकवत गुडघ्याखाली आणला. कुठे सुरकुती राहू दिली नाही. तेवढा वेळ शालन भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. झाल्यावर तिला माझ्या पायांपर्यंत वाकता येईना. मी खाली बसलेला, तिच्या हाताशी जवळ होता तो माझा खांदा. तिने खांद्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला.

असं नको करू, मी म्हटलं.

“तुमचं तुम्ही करा,” ती म्हणाली. “माझं मी करते.”

पुढे रोज तसंच चाललं. पिवळे हातमोजे, मोजा, खांदा. पहिल्या आठवड्यात तिला खाज सुटली, दुपारी ओट्याच्या वाफेत पाय उकडायचे, मोजा काढून फेकावासा वाटायचा. मग सवय झाली. एका संध्याकाळी ती स्वतःहून म्हणाली की पाय आता माझे वाटतात, आधी कुणाचे तरी उचलून आणल्यासारखे वाटायचे. जखम उघडली नाही. मोज्याने कातडी कोरडी पडून तिचा कोंडा निघायचा, तेव्हा रात्री मलम चोळायला हवं होतं. ते हातमोज्याने होत नाही. मी चोळू का, असं मी विचारलं होतं. तिने जयम्माला सांगितलं. जयम्मा संध्याकाळी जाताना मोजा काढून मलम चोळून जायची, आणि चोळताना तिला म्हणायची, अण्णांचा हात मऊ असेल की माझ्यापेक्षा, माझा तर खरखरीत. शालन तिला चूप म्हणायची.

त्या पहाटेच्या थोड्या वेळात आम्ही बोलायला लागलो. संसारात आमचं फार बोलणं कधी नव्हतं. मी पुस्तकात, ती ओट्यापाशी. मी खाली आणि ती वर, अशी बसल्यावर तिला काय काय आठवायचं. खानापूरची शाळा, तिथला मास्तर, पाण्यात बुडालेली एक मैत्रीण. मी मोजा मुद्दाम सावकाश चढवायला लागलो. तिला ते कळत असावं. एकदा म्हणाली, दवाखान्यातबी इतकाच वेळ लावत असाल तर रांग लागत असेल की बाहेर.

मी निवृत्त झालो. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका पहाटे मोजा चढेना. मी घडी पाहिली, माप पाहिलं. मग तिच्या नडगीवर हातमोज्याचं बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. दोन्ही पायांना. ही सूज शिरांची नव्हती; ती गुडघ्यांच्या वर चढली होती, आणि शालनला चार पावलांत दम लागत होता. त्याच दिवशी तिला घेऊन गेलो. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, पाणी मोजून प्यायला सांगितलं, आणि सांगितलं की आता मोजे घालायचे नाहीत. पायातलं पाणी दाबून वर ढकललं तर हृदयाला ते झेपणार नाही. मला हे ठाऊक होतं. मी कितीतरी जणांना याच कारणासाठी मोजे न देता परत पाठवलं होतं.

डबे बंद झाले. जयम्माने काही दिवस चालवून पाहिले, पण पोरं म्हणायची, काकूंच्या पोळीसारखी नाही. मग तिनेच सोडलं. पोरं येऊन बसून जायची. कुणी फळं आणायचं, कुणी मोबाइलकडे बघत बसायचं. शालन त्यांना जेवलात का विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आधी डोळे मिटायची. इस्पितळात जाऊन आली. परत आली ती खाटेवरच.

तिच्या शेवटच्या आठवड्यातली एक पहाट. मला नेहमीच्या वेळी जाग आली. उठून चहा ठेवला, आणि हात धुऊन सवयीने तिच्या पायाशी स्टूल ओढून बसलो. बसल्यावर लक्षात आलं की इथे आता काही काम नाही. मोजे कपाटात होते. बाहेर अजून अंधुक होतं, रस्त्यावर पहिल्या कॅब सुरू झाल्या होत्या. तिचा पाय चादरीबाहेर आलेला. कातडी ताणून चकचकीत झालेली, घोटा दिसेनासा झालेला, जोडवी मांसात रुतलेली. मी पावलावर हात ठेवला. नुसता हात.

शालनने डोळे उघडले. माझ्या हाताकडे पाहिलं.

“मोजे तर बंद केलेत,” ती म्हणाली. “आता कशाला?”

डॉक्टरांचं नाव घेण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “असंच.”

ती पाय ओढून घेईल म्हणून मी हात सैल ठेवला होता. ती भिंतीकडे वळली नाही, पुटपुटली नाही.

“गार आहेत ओ तुमचे हात,” ती म्हणाली, आणि पाय तिथेच राहू दिला.